सिकलसेलची 'जनुकीय कात्री' : आपल्या वस्तीपर्यंत काय आले, काय यायचे आहे

'सिकलसेल आता कायमचा बरा होतो' असा मेसेज ग्रुपवर आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पहिला प्रश्न निघतो : औषध कुठे मिळेल? बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे.

विदर्भात हा आजार आदिवासी आणि बौद्ध समाजात जास्त आढळतो. मध्य भारतातील सिकलसेलची माहिती डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली होती. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातले फक्त एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडे-सांधे ठणकू लागतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी.

हा बदल इथे टिकला तो मलेरियामुळे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस 'वाहक' असतो. तो सहसा ठणठणीत असतो आणि गंभीर मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. जंगलपट्ट्यात हा फायदा मोठा होता. यात अशुद्ध रक्त नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच. ती कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात खोडून काढली आहे. तरी आजारी मूल झाले की बोट सुनेकडे जाते. सदोष जनुक दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे सासरच्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आता कात्रीकडे. पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, ज्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. ते पेशीचा विळा होऊ देत नाही. जन्मानंतर 'बीसीएल११ए' नावाचे जनुक ते जवळजवळ बंद पाडते. शास्त्रज्ञ रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढतात, 'क्रिस्पर' तंत्राने या जनुकाचा रक्तपेशींतला स्विच कापतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. एचआयव्ही ज्या दारातून पेशीत शिरतो ते 'सीसीआर५' नावाचे दार कापून बंद करण्याचे प्रयोगही याच वाटेने चालले आहेत.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून जास्त. शिवाय आधी जबर केमोथेरपी, कित्येक आठवडे दवाखाना आणि पुढे मूल न होण्याचा धोका. आपल्या देशात दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने 'बिरसा १०१' हा स्वदेशी उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. बिरसा मुंडांचे नाव दिले, चांगलेच केले. ते नाव ज्यांचे आहे त्यांना तो परवडेल का, हे आपल्याला विचारत राहावे लागेल.

मेसेजमधून गळते ती गोष्ट वेगळीच. गर्भ-हिमोग्लोबिन वाढवण्याचे काम हायड्रॉक्सीयुरिया ही साधी गोळीही बऱ्याच अंशी करते. ती आजार मुळातून काढत नाही, पण वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी करते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, नियमित रक्ततपासणी करत, रोज घ्यावी लागते. गरोदरपणात चालत नाही. दुखणे थांबले की गोळी सोडणारे पुष्कळ आहेत, आणि कार्यकर्त्याने घरी जाऊन बोलावे ते इथेच.

दुसरे काम तपासणीचे. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आहे. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच ठरते. चंद्रपुरात आयसीएमआरचे हिमोग्लोबिनच्या आजारांवरचे केंद्र आहे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर उंची, पगार, गोरा-सावळा सगळे असते. सिकलसेलची तपासणी केली का, एवढा एक रकाना नसतो. मात्र अहवाल स्टेजवरून वाचायचा नसतो. तो त्या दोघांचा असतो, आणि वाहक मुलीला नकार देण्यासाठी तर मुळीच नसतो. ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी तपासणीचा एक टेबल लावायला आरोग्य विभागाला आतापासूनच पत्र द्यावे लागेल.