डेव्हिड ससून ग्रंथालयातील साहित्य-कला कार्यक्रम : यजमान आणि आयोजक

प्रस्तावना

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचा संग्रह, वाचकांची बैठक आणि शांतता, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. त्यामुळे ग्रंथालयात होणारे काव्यवाचन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन किंवा कलाप्रदर्शन यांची गणना 'अन्य उपक्रम' या सदरात केली जाते. महाविद्यालयीन अहवालांतही त्यांना तेवढीच जागा मिळते. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालय व वाचनालयाचा इतिहास पाहिला असता ही विभागणी टिकत नाही. तेथे व्याख्यान आणि ग्रंथ यांची सांगड स्थापनेपासूनच घातलेली होती. आज तेथे होणाऱ्या साहित्यिक कार्यक्रमांचा विचार त्या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक आहे.

कारागिरांची संस्था

१८४७ मध्ये मुंबईची टांकसाळ व सरकारी गोदी येथे काम करणाऱ्या काही तरुण यंत्रकारागिरांनी व मुकादमांनी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' स्थापन केली. यंत्रांच्या व वास्तुरचनेच्या प्रतिकृतींचे संग्रहालय आणि ग्रंथालय असे तिचे स्वरूप होते. या कल्पनेचा उगम ब्रिटनमधला. जॉर्ज बर्कबेक यांच्या प्रेरणेने १८२३ मध्ये लंडनला अशी संस्था सुरू झाली होती. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाने संध्याकाळी व्याख्यान ऐकावे, प्रतिकृती पाहावी आणि त्याच विषयावरचे पुस्तक घरी न्यावे, हा या संस्थांचा क्रम होता. ऐकणे, पाहणे व वाचणे ही तेथे एकाच शिक्षणाची तीन अंगे होती. मुंबईतील संस्था आरंभी युरोपीय कारागिरांची होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. एतद्देशीय कामगार तिच्या दृष्टीच्या टप्प्यात फारसा नव्हता.

संस्थेला स्वतःची वास्तू मिळाली ती बगदादहून येऊन मुंबईत स्थिरावलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्या देणगीमुळे. पुण्याचे ससून रुग्णालय व ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग याच घराण्याच्या दातृत्वाची साक्ष देतात. या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आलेला होता. दातृत्वाचा गौरव करताना तो उल्लेख टाळण्याची प्रथा योग्य म्हणता येणार नाही. सुमारे १,२५,००० रुपये खर्चापैकी ६०,००० रुपये ससून यांनी दिले व उर्वरित भार मुंबई सरकारने उचलला. १८७० मध्ये वास्तू पूर्ण झाली. ती पाहण्यास दाते हयात नव्हते. जिन्यापाशी टॉमस वूलनर यांनी घडविलेला त्यांचा पूर्णाकृती संगमरवरी पुतळा मात्र आहे.

वास्तूची रचना

येथील कार्यक्रमांचे स्वरूप समजण्यासाठी वास्तूची रचना लक्षात घ्यावी लागते. मालाडच्या पिवळसर दगडातील ही इमारत एल्फिन्स्टन महाविद्यालयाला लागून रस्त्याच्या कडेलाच उभी आहे. वाचनकक्ष वरच्या मजल्यावर, त्याला जोडून रस्त्यावर उघडणारा सज्जा व लांब हातांच्या आरामखुर्च्या, आणि इमारतीच्या मागे झाडांची बाग. समोरून येणारा वाहनांचा गोंगाट इमारत अडवते, त्यामुळे बागेत ध्वनिक्षेपकाविनाही लहान सभा होऊ शकते. शांतता हवी असणारा वाचक वर, बोलू इच्छिणारा खाली. एरवी परीक्षार्थी विद्यार्थी वह्या घेऊन याच बागेत बसतात.

काळा घोडा असोसिएशनने १९९९ मध्ये कला महोत्सव सुरू केला, तेव्हा साहित्य विभागासाठी ही बाग साहजिकच सोयीची ठरली. कवितावाचन, लेखकांशी संवाद, नव्या पुस्तकांचे प्रकाशन, भाषांतरावरील चर्चा असे कार्यक्रम येथे होत आले आहेत. प्रवेश विनामूल्य असतो. समोरच १९५२ पासून जहांगीर कलादालन असल्याने चित्र पाहून आलेला माणूस रस्ता ओलांडून कवितेला येतो. (याच रांगेतील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला होता. नव्या कलांना या फरसबंदीचे वावडे कधीच नव्हते.)

परिसराचा मराठी साहित्याशी असलेला संबंध अरुण कोलटकर यांच्यामुळे दृढ झाला. येथील 'वेसाइड इन' या उपाहारगृहात ते वर्षानुवर्षे बसत. 'काळा घोडा पोएम्स' हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातील एका कवितेचे शीर्षकच 'डेव्हिड ससून' असे आहे. मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या या कवीचे ते ठिकाण पुढे बंद झाले. जहांगीरमधील 'समोवार' २०१५ मध्ये आणि 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. ग्रंथालयाची बाग राहिली. काही विकत न घेता दोन तास बसून बोलता येईल अशा जागा दक्षिण मुंबईत किती उरल्या, हे मोजू गेल्यास बागेचे मोल कळते.

यजमान की आयोजक?

असे असले तरी एक भेद दुर्लक्षून चालणार नाही. काळा घोडा महोत्सवात ग्रंथालय यजमान असते, आयोजक नव्हे. विषय, वक्ते व भाषा ठरविण्याचे काम महोत्सवाकडे असते. परिणामी कार्यक्रमांवर इंग्रजीचे वर्चस्व राहते आणि आलेला श्रोता जिना चढून ग्रंथांपर्यंत जाईलच असे नाही. याउलट ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय पाहावे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २०१० मध्ये ८४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची जबाबदारी स्वतः उचलली. तेथे ग्रंथसंग्रह करणारे आणि सभा भरविणारे हात एकच होते. गर्दीच्या आकड्यापेक्षा हा फरक अधिक महत्त्वाचा आहे. कार्यक्रमाचा विषय संग्रहातून निघाला, तर श्रोत्याला परत संग्रहाकडे नेण्याची वाट तयार असते. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या व्याख्यानांना ती वाट होती.

यजमानपदाचा लाभ नाकारण्याचेही कारण नाही. वास्तू लोकांच्या नजरेत राहिली आणि तिच्या डागडुजीसाठी हात पुढे आले. काळा घोडा असोसिएशनच्या सहभागाने झालेले जतनकार्य २०२३ मध्ये पूर्ण झाले. वाचनकक्षावर मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा गळका स्लॅब काढून मूळच्या धर्तीचे लाकडी कैच्यांचे उतरते छप्पर पुन्हा बसविण्यात आले. म्हणजे बागेतील श्रोत्यांनी वरच्या वाचकाला निदान कोरडे छप्पर मिळवून दिले, असे म्हणता येईल. त्या छपराखालील कपाटांतून एखादा विषय निवडून त्यावर बागेत सभा भरविणे हे काम मात्र महोत्सवाचे नव्हे, ग्रंथालयाच्या सभासदांचे आहे. त्यासाठी फेब्रुवारीची वाट पाहावी लागत नाही.