परदेशी जाताना मुलांचा शाळाप्रवेश : आधी इयत्ता ठरवा, मग शाळा



परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं की घरात पहिली चर्चा होते व्हिसाची, दुसरी घरभाड्याची. मुलांच्या शाळेचा नंबर बहुतेक वेळा तिसरा लागतो. मग घाईघाईत कुणीतरी सुचवलेली शाळा पक्की होते. पण शाळेचं नाव ही त्यातली शेवटची पायरी आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात : मूल कोणत्या इयत्तेत बसणार, आणि ते दहावी-बारावी कुठे देणार.

आजच्या लेखात आपण दुबईचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. तिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन, आयबी असे अनेक अभ्यासक्रम एकाच शहरात मिळतात.

१) 'ग्रेड' आणि 'इयर' यांत गल्लत नको

भारतीय शाळांत ग्रेड ५ म्हणजे आपली पाचवी. ब्रिटिश शाळांत मात्र सीनियर केजीच्या वर्षालाच 'इयर १' म्हणतात. म्हणून इयरचा आकडा ग्रेडपेक्षा एकाने जास्त असतो. समजा, तुमची मुलगी पुण्यात चौथी पास झाली. आता तिची पाचवी, म्हणजे ब्रिटिश शाळेत इयर ६. अर्जात 'इयर ५' लिहिलंत तर तुम्ही तिच्यासाठी पुन्हा चौथीच मागताय!

शाळा वर्ग देताना जन्मतारीखही पाहते. वयाची कटऑफ तारीख अभ्यासक्रमानुसार वेगळी असू शकते आणि नियम बदलतातही. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची तारीख शाळेकडून ईमेलवर मागून घ्या.

आता कॅलेंडर पाहा. दुबईतल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्टअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच उन्हाळी सुट्टी. म्हणजे ऑगस्टमध्ये पोहोचलेलं मूल ब्रिटिश शाळेत पहिल्या दिवसापासून बसेल, पण सीबीएसई शाळेत त्याचा दोन-तीन महिन्यांचा अभ्यास बुडालेला असेल. बुडालेला भाग भरून काढता येतो, फक्त तो कसा भरून काढणार हे शाळेला आधीच विचारा.

२) दहावी-बारावी कुठे?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. सातवीपर्यंत मूल अभ्यासक्रम बदलून सहसा रुळतं. पुढे दारं अरुंद होतात.

- सीबीएसईत परीक्षेसाठी मुलांची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हवा असेल तर बोर्डाची परवानगी लागते.
- ब्रिटिश पद्धतीत जीसीएसई किंवा आयजीसीएसई हा इयर १० आणि ११ असा दोन वर्षांचा सलग अभ्यास असतो. इयर ११ मध्ये मध्येच शिरणं फार कठीण.
- आयबी डिप्लोमाही शेवटच्या दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे.

म्हणून उलटी मोजणी करा. नोकरीचा करार तीन वर्षांचा आणि मूल सातवी पास झालेलं, तर करार संपताना ते दहावी पूर्ण करेल. हे जमण्यासारखं आहे. पण मूल आठवी पास असेल तर तीन वर्षांनी ते अकरावी आणि बारावीच्या मधोमध असेल. अशा वेळी करार वाढणार का, की आई किंवा बाबांपैकी एकजण मुलासोबत थांबणार, हे आत्ताच बोलून घ्या.

मूल पुढे डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर आणखी जपा. 'नीट'साठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. आयबी डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत तीन विज्ञान विषय बसत नाहीत, त्यामुळे शाळेशी आधी बोलावं लागतं. दुसरी गोष्ट अशी की, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. दुबईतली सीबीएसई दहावी इथे चालून जाईल असं गृहीत धरू नका. काही अपवाद आहेत, ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत तपासा.

३) आता शाळा निवडा

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिचे तपासणी अहवाल आणि प्रत्येक शाळेची मंजूर फी सर्वांना पाहता येते. नुसता 'आउटस्टँडिंग' शेरा पाहून थांबू नका. अहवालात तुमच्या मुलाच्या वयोगटाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. फीशिवाय बस, गणवेश, पुस्तकं आणि टॅब्लेटचा खर्च धरा. कंपनी शिक्षणभत्ता देत असेल तर तो किती मुलांसाठी आणि कमाल किती, हे करारावर सही करण्याआधी विचारा. अर्ज एकाच शाळेत न करता दोन-तीन शाळांत करा.

४) कागदपत्रं : सुरुवात आपल्याच शाळेतून

पासपोर्ट, इंग्रजी जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं काढून ठेवा. खरी कसोटी असते शाळा सोडल्याच्या दाखल्याची. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळली पाहिजे. फरक असेल तर मूल शाळेत असतानाच जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करून घ्या. त्याला शिक्षण विभागाची मंजुरी लागते, आणि दाखला काढल्यावर हे काम अडतं.

दाखला इंग्रजीत मागा. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि पुढचं साक्षांकन, अशा पायऱ्या असतात. कोणते शिक्के लागतील हे नव्या शाळेलाच विचारा. आणि एक पथ्य पाळा : तिकडची जागा लेखी पक्की झाल्याशिवाय इकडचा दाखला काढू नका. तोवर बोनाफाईड आणि प्रगतिपुस्तकांवर अर्ज करता येतो.

५) प्रवेशचाचणी आणि भाषा

बहुतेक शाळा इंग्रजी आणि गणिताची छोटी चाचणी घेतात. मराठी माध्यमातलं मूल असेल तर ते लपवू नका. शाळेत इंग्रजीसाठी जादा मदत मिळते का, तिची वेगळी फी आहे का, हे विचारा. मुलाला शिकताना काही अडचण असेल तर तीही मोकळेपणाने सांगा. लपवून मिळवलेल्या जागेचा त्रास शेवटी मुलालाच होतो. दुबईत परदेशी मुलांनाही नववीपर्यंत अरबी शिकावी लागते, याचीही मुलाला कल्पना द्या.

घरात मात्र मराठीच बोला. बालभारतीची पुस्तकं बॅगेत ठेवा. उद्या परत यायचं झालं तर तीच उपयोगी पडतील, आणि आजी-आजोबांशी फोनवर गप्पा मारायला तर रोजच.

शेवटी, आजच एक कागद घ्या. डावीकडे पुढची पाच वर्षं लिहा, उजवीकडे त्या त्या वर्षीची मुलाची इयत्ता. मुलाला शेजारी बसवा आणि हा तक्ता त्याच्याकडूनच भरून घ्या. शाळा त्याची बदलणार आहे, तेव्हा त्याचं मतही त्या कागदावर हवंच.