वायर की वाय-फाय? लॅपटॉपची वाट कोण ठरवतो?

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आम्ही शाळेत असताना निबंधात कितीतरी वेळा लिहिले. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हाला कळला तो अगदी अलीकडे, आणि तोही एका साध्या वायरीमुळे.

आमची भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. एका शिष्यवृत्तीसाठी तिची मुलाखत लॅपटॉपवरून होणार होती. राउटर बाहेरच्या खोलीत, ती आतल्या खोलीत आणि मध्ये जाड भिंत. मुलाखत वाय-फायवर सुरू झाली आणि थोड्याच वेळात आवाज तुटू लागला. आम्ही आपले शहाणपण दाखवून राउटरची वायर दाराखालून आत सरकवली आणि तिच्या लॅपटॉपला जोडली. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्ह बदलले. आम्ही निश्चिंत झालो. परंतु आवाज तुटतच राहिला. तिने हळूच विचारले, "मामा, वायर लावली ना? मग आता का तुटतंय?" आम्ही तिला वाय-फाय बंद करायला सांगितले. तिने ते बंद केले आणि मुलाखतच तुटली. पुन्हा आत शिरेपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. पुढे तिची निवड झाली नाही. केवळ याच कारणाने झाली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही, याची रुखरुख मात्र मनात राहिली.

आम्ही बँकेतील लिपिक, शिक्षण कला शाखेचे. संगणकाशी संबंध आला तो खातेदारांच्या नोंदी करण्यापुरता. तरीही त्या दिवसानंतर मिळेल ते वाचले, जाणकार सहकाऱ्यांना विचारले आणि घरच्या लॅपटॉपवर करून पाहिले. त्यातून जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवत आहोत. हल्ली फॉर्म, सराव परीक्षा, मुलाखती असे बरेच काही लॅपटॉपवर होते. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असणे अगत्याचे आहे.

दोन वाटा, एक घराणे

लॅपटॉपला इंटरनेटपर्यंत नेणाऱ्या दोन वाटा आहेत. एक वायरची, जिला 'ईथरनेट' किंवा बोलीभाषेत 'लॅन' म्हणतात. दुसरी बिनतारी, म्हणजे वाय-फाय. गंमत अशी, की या दोघींचे घराणे एकच आहे. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडणारे 'अलोहानेट' सुरू केले. त्या कल्पनेचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ईथरनेट घडवले. म्हणजे बिनतारी कल्पनेतून वायरची वाट निघाली! पुढे १९८३ साली ईथरनेटचे प्रमाण ठरले, तर वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली आले. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट होता. मेटकाफ यांना ईथरनेटच्या कार्यासाठी २०२२ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आता दोन्ही वाटांचा स्वभाव पाहू. वायर ही आपल्या एकट्याची गल्ली असते. तिच्यातून जाणारा आणि येणारा असे दोन्ही ओघ एकाच वेळी वाहतात, आणि शेजाऱ्याच्या यंत्राचा तिला त्रास होत नाही. वाय-फाय हे सार्वजनिक मैदान आहे. एका मार्गिकेवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. घरातील चार मोबाईल, शेजाऱ्यांचे राउटर, मधली भिंत, एवढेच काय पण चालू असलेला मायक्रोवेव्हसुद्धा त्यात व्यत्यय आणू शकतो. म्हणून वाय-फायचा वेग कागदावर जास्त असला, तरी मुलाखतीला किंवा परीक्षेला भरवशाची वाट वायरचीच होय.

निवड होते ती आकड्यांवरून

दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतील तर लॅपटॉप कोणती धरतो? आमचा समज असा होता, की यंत्र दोन्ही तपासून चांगली निवडत असावे. तसे नाही. प्रत्येक वाटेला एक आकडा दिलेला असतो, त्याला 'मेट्रिक' म्हणतात. ज्या वाटेचा आकडा लहान, तिला पहिला मान. गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक सर्वांत वर असतो, तसेच हे. विंडोजमध्ये हा आकडा जोडणीच्या वेगावरून आपोआप ठरतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वायरला १०० व वाय-फायला ६०० हे आकडे मुळातच दिलेले असतात, म्हणून तेथे वायरच पुढे राहते.

विंडोजमध्येही बहुधा वायरच पुढे असते, परंतु नेहमीच असे नाही. वायरच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली किंवा वायर हलक्या प्रतीची असली तर वेग १०० मेगाबिटवर येऊ शकतो. अशा वेळी जवळच्या वेगवान वाय-फायचा आकडा वायरपेक्षा लहान ठरून लॅपटॉप वाय-फायच धरू शकतो. वायर जोडलेली दिसते, पण काम चालते दुसऱ्याच वाटेने.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. वायर राउटरपर्यंत ठीक आहे, परंतु राउटरच्या पुढे इंटरनेटच बंद पडले आहे, असे समजा. आकडा हा वेग पाहून दिलेला असतो, पलीकडे काय चालले आहे ते त्याला कळत नाही. मग मोबाईलच्या हॉटस्पॉटचे वाय-फाय हाताशी असूनही लॅपटॉप बंद वाटेवरच थांबू शकतो. अशा वेळी वायर हाताने काढणे हाच जलद उपाय आहे.

चालू संभाषण वाट बदलत नाही

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर. पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळत असे. ते हातात घेऊन रोखपालाच्या खिडकीपुढे थांबायचे, नंबर पुकारला की पैसे घ्यायचे. समजा, टोकन घेतलेला खातेदार मध्येच उठून दुसऱ्या शाखेत गेला आणि तेच टोकन तेथे दाखवू लागला, तर तेथील रोखपाल त्याला पैसे देईल काय? मुळीच नाही. तेथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

लॅपटॉपचे असेच आहे. राउटर एकच असला तरी लॅपटॉपला वायरवर एक पत्ता मिळतो आणि वाय-फायवर दुसरा. कोणतेही संभाषण सुरू होताना ते त्या क्षणीच्या पत्त्याशी बांधले जाते. मुलाखत वाय-फायच्या पत्त्यावर सुरू झाली होती. आम्ही वायर जोडल्यावर नव्याने सुरू होणाऱ्या कामांसाठी वायर पहिली झाली, म्हणून चिन्ह बदलले. पण चालू मुलाखत आपल्या जुन्या टोकनावर वाय-फायनेच चालत राहिली. आणि वाय-फाय बंद केले तेव्हा तो पत्ताच नाहीसा झाला. वाट आपोआप बदलते ती पुढच्या कामाची, चालू कामाची नव्हे. ही एक गोष्ट आम्हाला त्या दिवशी माहीत असती, तर आम्ही वायर मुलाखतीपूर्वीच लावली असती.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधले नाहीत असे नाही. एकच संभाषण दोन वाटांनी नेणारी 'मल्टिपाथ टीसीपी' ही पद्धत २०१३ साली प्रसिद्ध झाली. २०२१ साली प्रमाणित झालेल्या 'क्विक' या पद्धतीत संभाषणाला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ते पुढे चालू राहू शकते. मुलाखतीची काही ॲप्सही जोडणी तुटल्यास स्वतः पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करतात. परंतु प्रत्येक ठिकाणी ही सोय असेलच असे नाही. तिच्या भरवशावर परीक्षेला बसणे शहाणपणाचे नव्हे.

वाट आपोआप बदलण्याचे उपाय

वायर लावली की वाय-फाय आपोआप बंद व्हावे आणि वायर काढली की पुन्हा सुरू व्हावे, अशी व्यवस्था करता येते. तिचे प्रकार असे :

१) लॅपटॉपच्या मूळ मांडणीत, म्हणजे 'बायोस'मध्ये : लॅपटॉप सुरू होत असतानाच ठराविक कळ दाबून येथे जाता येते. कार्यालयीन वापराच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय असते. एचपीमध्ये तिला 'लॅन/डब्ल्यूलॅन ऑटो स्विचिंग' म्हणतात, डेलमध्ये ती 'वायरलेस रेडिओ कंट्रोल' या सदरात आढळते, तर लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये 'वायरलेस ऑटो डिस्कनेक्शन' या नावाने. मात्र येथील इतर कशालाही हात लावू नये.

२) विंडोजच्या धोरणात : विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत 'ग्रुप पॉलिसी एडिटर' असतो. त्यात 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'नेटवर्क', 'विंडोज कनेक्शन मॅनेजर' या क्रमाने जावे. तेथे एकाच वेळी किती जोडण्या ठेवायच्या याविषयीचे धोरण आहे. त्यातील ३ क्रमांकाचा पर्याय ईथरनेट असताना वाय-फाय रोखतो. 'होम' आवृत्तीत हा एडिटर नसतो.

३) आकडा स्वतः देणे : हा उपाय 'होम' आवृत्तीतही चालतो. यात वाय-फाय बंद होत नाही, फक्त वायरला पहिला मान मिळतो. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये ईथरनेटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडावे, 'ॲडव्हान्स्ड' दाबावे, 'ऑटोमॅटिक मेट्रिक'समोरची खूण काढून १० लिहावे. याच रीतीने वाय-फायला ५० द्यावे. 'व्हर्जन ६'चा आकडा वेगळा असतो, म्हणून तेथेही तसेच करावे.

४) ॲपलच्या मॅकवर : 'नेटवर्क'च्या मांडणीत 'सेट सर्व्हिस ऑर्डर' असा पर्याय असतो. त्यातील यादीत ईथरनेटला ओढून सर्वांत वर ठेवावे. येथेही वाय-फाय बंद होत नाही, क्रम तेवढा ठरतो.

हल्लीच्या पातळ लॅपटॉपना वायर जोडण्याची जागाच नसते. त्यांना यूएसबीला जोडायचा लॅनचा अडॅप्टर घ्यावा लागतो.

वाट खरोखर बदलली की नाही, हे पाहणे सोपे आहे. विंडोजच्या 'टास्क मॅनेजर'मध्ये 'परफॉर्मन्स' या भागात ईथरनेट आणि वाय-फाय यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. वायर लावून एखादी नवी चित्रफीत सुरू करावी. ज्याचा आलेख उसळतो, ती वाट चालू. कोपऱ्यातील चिन्हावर विसंबू नये. आम्ही विसंबलो होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी

विद्यार्थी मित्रांनो, सर्व मांडणी ठरवल्यावरही काही पथ्ये पाळावीत. वायर आदल्या दिवशी लावून पाहावी. जोडताना टिचकीसारखा आवाज येऊन ती घट्ट बसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी आधी वायर लावावी, वाय-फाय बंद झाले आहे याची खात्री करावी आणि मगच परीक्षेत किंवा मुलाखतीत प्रवेश करावा. एकदा आत गेल्यावर काम चालू असेपर्यंत कोणत्याही वाटेला हात लावू नये. इंटरनेटच गेले तर मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, पण लॅपटॉप त्यावर जावा यासाठी वायर काढावी लागेल, हे लक्षात असू द्यावे. घरातील मोठ्यांनी त्या वेळी मदतीच्या उत्साहात वायर ओढू नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जोडणी तुटली की मुले स्वतःलाच दोष देतात. आपल्याला हे जमत नाही, हे आपल्यासाठी नाही, असे त्यांना वाटू लागते. आमच्या भाचीलाही तसेच वाटले होते. वास्तविक तिचे काही चुकले नव्हते. दोन पत्ते आणि एक जुने टोकन, एवढाच तो घोटाळा होता. तो समजला की भीती उरत नाही. 'आपोआप' या शब्दामागे कोणीतरी आधी घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय कारखान्यात बसलेल्या माणसाने घ्यावा की आपण समजून घ्यावा, एवढाच प्रश्न आहे.

यंदा तिची आणखी एक मुलाखत झाली. आदल्या रात्री तिने वायर लावली, आलेख पाहिला आणि आम्हाला सांगितले, "मामा, उद्या तुम्ही फक्त बाहेरच्या खोलीत बसा." आम्ही बसलो. मुलाखत शेवटपर्यंत न तुटता झाली. निकाल यायचा आहे. या लेखामुळे आणखी चार घरांत आदल्या रात्री वायर तपासली गेली, तरी आमच्या लिहिण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.