गुडघा दुखतो, दोष बुटाच्या पट्टीचा

घनसावंगीहून अंबडकडे साध्या सायकलवर चप्पल घालून निघालेल्या माणसाचे पाऊल पेडलवर मोकळे असते. जरा अवघडले, की ते आपोआप सरकते. स्पर्धेच्या सायकलवर बहुधा तसे होत नाही. तिथे बुटाच्या तळाला क्लीट नावाची पट्टी स्क्रूने बसवलेली असते आणि ती पेडलमध्ये खटकन अडकते. पाऊल वाकडे अडकले, तर मिनिटाला ८० फेऱ्यांच्या हिशेबाने तासात ४,८०० वेळा गुडघा तोच पीळ सोसतो. एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. वेदनाशामक गोळ्या मात्र चालू राहतात, आणि त्या पोटाला व मूत्रपिंडाला महाग पडू शकतात.

दुखते नेमके कुठे, हे आधी पाहावे. वाटीच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्यामागच्या लवणीत दुखत असेल तर बहुधा वर. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखले, तर संशय क्लीटच्या कोनावर घ्यावा. टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल सोडावेत. पावले ज्या दिशेला वळतात, तीच दिशा क्लीटने राखावी, मग दोन्ही पायांचा कोन वेगळा का असेना. जुनी जागा पेनने आखून पट्टी एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवावी. शिमानोच्या रोड सायकलच्या क्लीटमध्ये लाल पट्टी पाऊल जखडते, पिवळी ६ अंश हलू देते. नवख्याने पिवळीच घ्यावी.

गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा रात्री ठणकू लागला, तर पाना ठेवून डॉक्टरांकडे जावे.