स्पर्धेने घडविलेली चोच

व्यापारी पेठेत स्पर्धेचा विषय निघाला की ‘मोठा मासा लहान माशाला गिळतो’ हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतेच. ‘सृष्टीचा नियमच तसा आहे’ अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. पण माशाने माशाला गिळणे ही शिकार झाली. ती स्पर्धा नव्हे. दोन जीवांची उपजीविका एकाच अन्नावर अवलंबून असते आणि एकाने घेतलेला दाणा दुसऱ्याला मिळत नाही, तेव्हा त्या संबंधाला जीवशास्त्र स्पर्धा म्हणते. एका गल्लीत समोरासमोर कापडाची दोन दुकाने असावीत, तसा हा संबंध. तेथे कोणी कोणाला गिळत नाही. तरीही दोघांचे जगणे एकमेकांमुळे बदलत जाते. हा बदल निसर्गात कसा घडतो, हे एका निर्जन बेटावरील चिमुकल्या पक्ष्यांनी जगाला दाखवून दिले आहे.

प्रयोगशाळेतील धडा

त्या बेटाकडे वळण्यापूर्वी एक जुना प्रयोग पाहू. रशियन शास्त्रज्ञ गाउसे यांनी १९३४ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पॅरामीशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती त्यांनी एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढविल्या. काही दिवसांत एक जात टिकली, दुसरी नाहीशी झाली. मग त्यांनी त्या हरलेल्या जातीला एका तिसऱ्या जातीच्या सोबतीस ठेवले. ही तिसरी जात तळाशी साचलेल्या अन्नावर जगणारी होती, तर पहिली वरच्या पाण्यातील अन्नावर. आता मात्र दोन्ही जाती टिकून राहिल्या. नळी तीच होती. फरक होता तो उपजीविकेच्या वाटणीत.

प्रयोगशाळेत जे काही दिवसांत दिसले, ते मोकळ्या निसर्गात पाहायचे तर अनेक वर्षांचा संयम हवा.

डॅफ्नी मेजर बेटावरील चाळीस वर्षे

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या पश्चिमेस, प्रशांत महासागरात सुमारे एक हजार किलोमीटर आत गालापागोस द्वीपसमूह आहे. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये तेथे गेले होते. त्यांनी आणलेले निरनिराळ्या चोचींचे पक्षी एकमेकांचे जवळचे आप्त असल्याचे पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८३७ मध्ये ओळखले. हेच ते डार्विनचे फिंच पक्षी.

या द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर हे बेट अवघे ३४ हेक्टरांचे. १९७३ पासून पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने सुमारे चाळीस वर्षे येथील फिंचांचा अभ्यास केला. पक्षी जाळीत अलगद पकडायचा, त्याची चोच मोजायची, पायात ओळखीचे कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. जिवंत पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहीच त्यांनी मांडली.

बेटावर प्रामुख्याने दोन जातींचे फिंच होते. निवडुंग-फिंच लांबट चोचीने फड्या निवडुंगाची फुले व बिया खाई. मध्यम भू-फिंच जमिनीवरचे लहान, मऊ दाणे टिपत असे. १९७७ मध्ये भीषण अवर्षण पडले. लहान दाणे पाहता पाहता संपले आणि उरले ते मुख्यतः आपल्याकडील सराट्याच्या म्हणजेच गोखरूच्या कुळातील काटेरी, लाकडासारखे कठीण बी. ते फोडण्याची ताकद केवळ जाड चोचीत होती. सुमारे बाराशे मध्यम फिंचांपैकी जेमतेम एकशे ऐंशी उरले. वाचलेल्यांत जाड चोचीचे पक्षी अधिक होते आणि त्यांच्या पिल्लांची चोच सरासरीने तीन-चार टक्के मोठी निघाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोणत्याही पक्ष्याची चोच उपासमारीने वाढली नाही. चोचींत मुळातच थोडाफार फरक होता आणि तो आईबापांकडून पिल्लांकडे जात होता. दुष्काळाने त्यांतून निवड केली. उत्क्रांती घडते ती अशी, पिढीगणिक. या निवडीची किंमत शेकडो पंचेंद्रिय जीवांनी आपल्या प्राणांनी मोजली, हेही विसरता येत नाही.

नवा शेजारी आला

१९८२ मध्ये बेटावर एक तिसरी जात वस्तीस आली : मोठा भू-फिंच. तीन नर आणि दोन माद्या एवढाच तो संसार. शरीराने थोराड आणि चोचीने बळकट असा हा पक्षी गोखरूचे बी मध्यम फिंचापेक्षा कितीतरी लवकर फोडतो. चांगल्या पावसाच्या वर्षांत त्याची संख्या वाढत गेली. अन्न मुबलक होते तोवर कोणाचे काही बिघडले नाही.

मग २००३ व २००४ मध्ये पुन्हा अवर्षण आले. १९७७ चा अनुभव पाहता या वेळीही मध्यम फिंचांतील जाड चोचीचे पक्षी वाचावयास हवे होते. घडले नेमके उलट. गोखरूचा साठा मोठ्या फिंचांनीच बव्हंशी संपविला. त्यांच्याशी बरोबरी करू पाहणारे जाड चोचीचे मध्यम फिंच मोठ्या संख्येने मेले. टिकले ते लहान चोचीचे, बारीक दाण्यांवर गुजराण करणारे. संपूर्ण जातीची सरासरी चोच लहान झाली. मोठे फिंचही या अवर्षणातून मोठ्या संख्येने वाचले नाहीत. २००६ मध्ये ग्रँट दांपत्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये चोचीच्या या लहान-मोठेपणाशी निगडित असलेले एक जनुकही शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

दुष्काळ तसाच, बेट तेच, जातही तीच. परंतु शेजारी बदलला आणि निवडीची दिशा उलटली. एखाद्या जीवजातीचे रूप केवळ हवापाण्याने ठरत नाही. तिच्या सभोवती कोण राहते आणि काय खाते, यानेही ते घडते.

सुकाळातील साम्य, दुष्काळातील भेद

या बेटांवरील आणखी एक निरीक्षण व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पावसाळ्यात अन्न भरपूर असते, तेव्हा निरनिराळ्या जातींचे फिंच जवळजवळ सारखेच, सोपे अन्न खातात. कोरडा काळ आला की प्रत्येक जात आपापल्या विशेष अन्नाकडे वळते. कोणाची चोच कशासाठी आहे, हे टंचाईतच उघड होते. पेठेतही तेजीत सर्वांचा माल खपतो. मंदीत मात्र ज्याच्यापाशी स्वतःचे काही वेगळे आहे, त्याचीच पेढी तग धरते.

याची दुसरी बाजू सांताक्रूझ बेटावरील पोर्तो आयोरा या गावाजवळ दिसते. तेथील मध्यम फिंचांत पूर्वी लहान आणि मोठ्या चोचीचे दोन ठळक गट होते. मनुष्यवस्ती वाढली, भात आणि पावाचे तुकडे सहज मिळू लागले आणि हा भेद पुसट होत गेला. वस्तीपासून दूर तो टिकून राहिला. सर्वांना एकच सोपे अन्न मिळाले, तेव्हा वेगळेपणाचे प्रयोजन कमी झाले. पक्ष्यांना दाणे घालणे ही आपल्या घराघरांतील जीवदयेची परंपरा आहे आणि ती राहावी. पण तीही यतनापूर्वक हवी. जीवांची भूक भागविण्याइतकेच त्यांचे स्वाभाविक अन्न, झाडे आणि गवताळ जागा राखणे मोलाचे आहे.

निसर्गातून नीती शिकताना सावध राहावे. पक्ष्याला आपली चोच निवडता येत नाही. त्याच्यासाठी ती निवड दुष्काळ करतो आणि ती निर्दय असते. मनुष्याला विवेक आहे. शेजाऱ्याच्या ताटातील घास ओढण्याऐवजी स्वतःचे वेगळे कौशल्य घडविण्याचा मार्ग त्याला मंदी येण्यापूर्वीच धरता येतो. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत हेच सांगते की आपली मर्यादा आपण आखावी, म्हणजे इतरांच्या उपजीविकेस जागा राहते. जीवांनी परस्परांना आधार द्यावा ही आचार्य उमास्वातींची शिकवण पेढीवरही आचरणात आणता येते. पुढच्या वेळी कोणी मोठ्या माशाचा दाखला दिला, तर त्याला गोखरूचे बी फोडणाऱ्या या पक्ष्यांची हकीगत अवश्य सांगावी.