दमा वय बघून येतो : पोराचा वेगळा, आजोबांचा वेगळा

१ जून ते ३१ जुलै बंदीचे दिवस म्हणजे होड्या वर आणि माणसं घरात. घरात ओल, भिंतीला बुरशी, आतल्या दोरीवर न सुकणारे कपडे, रात्री मच्छरांची कॉईल. कोरगावात खाजनाकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. दमेकरी माणसाला हे सगळं बाधतं. पण त्रास किती होईल आणि कशाने होईल, हे वयावर बरंच अवलंबून असतं, आणि त्याबद्दल आपल्यात पुष्कळ गैरसमज आहेत.

लहान पोरांचं बघा. त्यांच्या श्वासनळ्या मुळातच बारीक. साधी सर्दी झाली, आतून थोडी सूज आली की छातीत घरघर सुरू. पोरांचे बहुतेक ॲटॅक सर्दीच्या विषाणूनेच येतात. केळं, दही बंद करून काही साधत नाही. पाच वर्षांखालच्या प्रत्येक घरघरीला दमा म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर थोडं थांबून बघतात. लहानपणी मुलग्यांत दमा जास्त दिसतो, वयात आल्यावर बायकांत जास्त. पुष्कळ पोरांचा त्रास मोठेपणी कमी होतो, पण गेलेला दमा तिशी-चाळिशीत परतही येतो. त्यातून विडी-सिगारेट ओढणाऱ्याची तर खैर नाही.

मोठ्या वयात पहिल्यांदाच दमा लागला तर तो सहसा आपोआप जात नाही. आपल्या धंद्याचाही त्यात वाटा असू शकतो. कुर्ल्या, सुंगटं उकडताना जी वाफ नाकात जाते, तिच्यामुळे दमा होतो हे जगभरच्या मासळी कारखान्यांत दिसून आलेलं आहे. कामावर असताना धाप आणि सुट्टीच्या दिवशी आराम, असं होत असेल तर डॉक्टरांना तुमचं काम काय आहे ते आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

आता म्हाताऱ्या माणसांचं, कारण खरा धोका तिथेच आहे. दम्याने जीव जाण्याचं प्रमाण उतारवयात सगळ्यात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ साली जगात साडेचार लाखांवर माणसं दम्याने गेली. साठी ओलांडलेला आपला रापणकार मानशीपर्यंत चालताना तीनदा थांबतो आणि म्हणतो, "वय झालं रे आता." घरचेही तेच म्हणतात. तो दमा असू शकतो, विडीने खराब झालेली फुप्फुसं असू शकतात, नाहीतर हृदय. तपासल्याशिवाय कळत नाही. वयाबरोबर धाप लागल्याची जाणीवही बोथट होते, त्यामुळे माणूस उशिरा बोलतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब, सांधेदुखीच्या काही गोळ्या यांनीही काहींचा दमा उसळतो. आजोबांना डॉक्टरांकडे नेताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या. पण मनाने एकही गोळी बंद करू नका.

पंपाची सवय लागते, ही अफवा अजून गावात फिरते. खरी गोष्ट उलटी आहे. निळा पंप तेवढ्यापुरता आराम देतो, सूज कमी करणारा पंप वेगळा, आणि तो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा असतो. रोजचा सोडून निळ्यावरच भागवणारे हमखास अडचणीत येतात. हात थरथरत असतील किंवा पोर लहान असेल तर स्पेसर लावून घ्या, औषध तोंडात न राहता छातीत जातं. मृगाला हैदराबादेत जिवंत मरळीच्या तोंडातून देतात त्या औषधासाठी माणसं लांबून जातात. श्रद्धा ज्याची त्याची, पण ते दमा बरा करतं याला वैद्यकीय पुरावा नाही. तिकडे जाणाऱ्यांनी निदान पंप खिशात ठेवावा.

१ ऑगस्टला होड्या परत पाण्यात जातील. होडीमालकांना विनंती, खलाशांत कोणाला दमा आहे हे आधी विचारून घ्या. त्याचा निळा पंप पाणी न शिरणाऱ्या डब्यात, तांडेलाच्या हाताशी असू द्या. तारीख संपलेली नाही ना, तेही बघा. बंदरापासून तासभर लांब असताना पंप घरी राहिलाय हे कळून उपयोग नाही.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, पोराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा पंप घेऊनही आराम नसेल, तर सकाळची वाट बघू नका. माणसाला आडवं न करता बसतं ठेवा, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप देत राहा आणि १०८ ला फोन करा. तुये असो, म्हापसा असो की गोमेकॉ, नेतील तिथे औषधांची पिशवी बरोबर न्या.