अर्ध्या तटाचा किल्ला

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरून खाडीकडे निघालं की मध्यवर्ती कारागृहाचा काळा दगडी तट दिसतो. आत किल्ला आहे याचा अनेक ठाणेकरांनाही पत्ता नसतो. असला तरी पाहायची सोय नाही. बाहेरूनच बुरूज न्याहाळायचा, तोही फोटो न काढता.

साष्टी बेट, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतची आजची उपनगरं आणि ठाणं, दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. त्याच्या रक्षणासाठी 1730 नंतर त्यांनी हा किल्ला बांधायला घेतला. पण गोव्याची तिजोरी खडखडीत आणि शिबंदी तुटपुंजी. 1737 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर चिमाजी अप्पांची माणसं रातोरात खाडी उतरून आली, तेव्हा तट अर्धाच उभा होता. अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशी खाडीची नस न् नस जाणणारी मंडळी मराठ्यांच्या बाजूला होती. पोर्तुगीज अधिकारी दों लुई बोतेल्हो होडीत बसून करंजाला निघून गेला. ठाणं पडलं.

वसईला मात्र मे 1739 उजाडावा लागला. तिथे तट पुरा होता आणि माणसंही अतोनात पडली, म्हणून सगळा मान वसईला. पण ठाणं हाती नसतं तर वसईचा वेढा दोन वर्षं चालवता आला असता का, मला शंकाच आहे.

पुढे ठाण्याच्या तटाचं काम पुरं झालं आणि तोच किल्ला मराठ्यांनी लढवला. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात गोंधळ माजलेला. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येताहेत अशी आवई उठताच मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर 1774 मध्ये आधी हात मारला. या वेळी मात्र तोफा डागाव्या लागल्या, खंदक बुजवताना त्यांची माणसं मेली, कमोडोर वॉटसन जखमी होऊन गेला. 28 डिसेंबरला आत शिरल्यावर त्यांनी बहुतेक शिबंदी कापून काढली. सालबाईच्या तहाने 1782 मध्ये साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

कैदी ठेवायलाही हा किल्ला पक्का मानला जाई. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर इंग्रजांनी मुद्दाम गोऱ्या शिपायांचाच पहारा ठेवला. सांगतात, एका मोतद्दाराने घोडा खरारा करता करता पळायचा बेत मराठीत गाऊन कळवला. पहारेकऱ्यांनी गाणं ऐकलं, आणि सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाले.